मजल: कळमनुरीच्या परिसरातील तीन पायवाटा आणि एक विसरलेले माप

१/
कळमनुरीचा किंवा हिंगोलीचा विद्यार्थी इतिहास शिकायला पुण्यात गेला, की पहिल्याच आठवड्यात त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमच्याकडे कोणता किल्ला?" उत्तर देताना तो अडखळतो. सांगण्यासारखा डोंगरी किल्ला त्याच्या तालुक्यात नाही. समुद्र नाही, घाट नाही, ढगांत शिरणारा सुळका नाही. हळूहळू त्याच्या मनात एक समजूत घर करते, की इतिहास इतरत्र घडला आणि आपल्याकडे फक्त कापूस, सोयाबीन व हळद पिकली. हा धागा त्या समजुतीविषयी आहे. कळमनुरीच्या आसपास एका दिवसात चालून होणाऱ्या तीन वाटा ती समजूत तपासायला पुरेशा आहेत.

२/
प्रथम भूगोल. कळमनुरी हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. या गावाच्या एका अंगाने कयाधू वाहते. दुसऱ्या अंगाला, पूर्वेकडे, पैनगंगेवरचा ईसापूरचा विस्तीर्ण जलाशय आहे. कयाधू पुढे पैनगंगेलाच मिळते. दोन पाण्यांमधली ही भूमी बुटक्या, सपाट माथ्यांच्या टेकड्यांची आहे: काळा बेसाल्ट, मधूनच साग, आणि फाल्गुनात पेटल्यासारखा दिसणारा पळस.

३/
आता माप. आज अंतर किलोमीटरमध्ये सांगतात, किंवा मिनिटांत. रेल्वे व मोटार येण्यापूर्वी ते कोसांत आणि मजलांत सांगत. कोस प्रांतोप्रांती कमीजास्त होई; दख्खनेत तो साधारण दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या जवळपास. मजल म्हणजे एका दिवसाची चाल आणि त्या चालीअखेरचा मुक्कामही. 'मजल दरमजल' हा शब्दप्रयोग बखरींतून आजच्या बोलण्यात आला, पण त्यामागचे माप मात्र हरवले. मजल रस्त्याच्या लांबीवर ठरत नसे. ती माणसाच्या पायांवर, बैलांच्या दमावर, वाटेतल्या पाण्यावर आणि दिवसाच्या उजेडावर ठरे.

४/
हे माप हातात घेऊन नकाशा पाहिला, की या भागाची रचना उलगडते. नांदेड, अर्धापूर, आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली आणि पुढे वाशीम. या वाटेवर हिंगोलीपर्यंतचे टप्पे सहा ते दहा कोसांचे आहेत. कळमनुरी ते हिंगोली हे अंतर सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे सहा कोस: पायी माणसाला सकाळी निघून दिवस मावळण्यापूर्वी गाठता येईल इतके. ज्याला आज 'एका दिवसाची पदभ्रमंती' म्हणतात, ती इथे शतकानुशतके रोजची गोष्ट होती.

५/
ही वाट किती जुनी? वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तेथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला हा लेख: राजाची वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. दान दिलेले गाव कुठे आहे हे सांगताना त्यात म्हटले आहे, की ते नांदीकडाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर 'मार्गा'त आहे. इथे मार्ग हे प्रशासकीय विभागाचे नाव आहे. मुलूख ओळखायचा तो वाटेवरून, ही पद्धत लक्षात ठेवावी अशी आहे. वाशीम आणि नांदेड यांच्या मध्ये आज कळमनुरी आहे.

६/
पहिली वाट: कळमनुरी ते हिंगोली.
डांबरी रस्ता टाळून शिवारातल्या गाडीवाटांनी गेल्यास ही चाल सुखाची आहे. हिवाळ्यात हरभरा आणि ज्वारी, मधून हळदीची रुंद पाने, ओढ्याकाठी बाभळी. पण एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रदेशातल्या वाटांनी चालणाऱ्याला निसर्ग पाहण्याची फुरसत नव्हती. दाट सावली आणि वाहते पाणी दिसले, की तो आपली पावले मोजू लागत असे. कारण मुक्कामाला सोयीची अशी जागा ठगांच्याही सोयीची असे.

७/
हिंगोलीला तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी होती. ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची. पुढे ती हैदराबाद काँटिंजंट म्हणून ओळखली गेली. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी पैनगंगेच्या खोऱ्यातले हटकर नाईक कोणाला जुमानत नव्हते. त्यांच्यापैकी नोवसाजी नाईकाने आपल्या गढीत अरब शिपायांनिशी ठाण मांडले. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या फौजेने या गढीला वेढा घातला आणि जवळपास तीन आठवड्यांनंतर ती घेतली. इंग्रजी कागदांत या जागेचे नाव 'नोवा' असे येते, आणि ते पुढे त्या पलटणींच्या रणसन्मानांत नोंदले गेले. किल्ला नसलेल्या मुलखाचे नाव लष्करी सन्मानाच्या यादीत कसे गेले, हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

८/
याच छावणीत फिलिप मेडोज टेलर नावाचा तरुण अधिकारी होता. १८३९ मध्ये त्याची ठगांवरची प्रसिद्ध कादंबरी लंडनमध्ये निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीचा एक प्रसंग सांगितला आहे. हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी छावणीत दुकान थाटून होता. टेलरने स्वतः त्याच्याशी अनेकदा व्यवहार केलेला. त्याने एकदा मुंबईहून कापड आणण्यासाठी अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. माल दुसऱ्याच व्यापाऱ्याचा होता आणि वाटेवर होता. हरिसिंगाने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैल हाकणारे यांना ठार केले, आणि परवान्याच्या बळावर तेच कापड छावणीत उघडपणे विकले. हरिसिंग ठगांचा म्होरक्या असल्याचे नंतर उघड झाले.

९/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. ठगांविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातला मोठा भाग विल्यम स्लीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माफीच्या साक्षीदारांकडून नोंदवून घेतलेला आहे. एका संप्रदायाचे, एका धर्मविधीचे चित्र उभे करण्यात सत्तेचा स्वार्थ किती होता, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. तरीही हरिसिंगाच्या गोष्टीतला एक तपशील नजरेआड करता येत नाही. मारल्या गेलेल्या त्या व्यापाऱ्याचे नाव टेलरने दिलेले नाही. बैल हाकणाऱ्यांची तर संख्याही नाही. खुन्याचे नाव छापील पुस्तकात राहिले. जे चालत होते ते अनाम राहिले.

१०/
दुसरी वाट: कयाधूकाठाने नर्सी, आणि तिथून औंढा.
नर्सी हिंगोलीच्या पश्चिमेस सुमारे पाच-सहा कोसांवर, कयाधूच्या तीरावर आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हे गाव ओळखले जाते. जन्मवर्ष परंपरेने इ. स. १२७० मानतात. जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण घराण्याचे मूळ नर्सीचे, ही धारणा दृढ आहे. पावसाळ्यानंतर नदीला पाणी असते तेव्हा या काठाने चालणे रम्य असते. उन्हाळ्यात पात्र जागोजागी कोरडे पडते आणि मग दगडगोट्यांतूनच पायवाट निघते.

११/
नामदेवांच्या चरित्राचा गाभा चालणे हाच आहे. ज्ञानेश्वरांसोबतची तीर्थयात्रा, आणि नंतर पंजाब. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याशी जोडलेले आहे आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची साठाहून अधिक पदे आहेत. नर्सी ते घुमान हे अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक. रोज वीस किलोमीटरच्या हिशेबाने हे पाऊणशेहून जास्त मजलांचे चालणे होते, तेही वाटेतल्या नद्या उतारावर येण्याची वाट पाहण्याचे दिवस सोडून. २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून विशेष रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या होत्या.

१२/
नर्सीहून औंढा नागनाथ ही एका दमदार दिवसाची चाल आहे. नामदेवांना गुरू भेटले ते विसोबा खेचर, आणि परंपरा ती भेट औंढ्याच्या मंदिरात घडली असे सांगते. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा, आणि "जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव" या अर्थाचे त्यांचे उत्तर, ही कथा मराठी घरांत सर्वांना माहीत असते. एवढे चालून आलेल्या शिष्याला 'देव कुठे नाही?' असे विचारणे, यातली गंमत गाडीतून उतरणाऱ्यापेक्षा पायी येणाऱ्याला लवकर कळते.

१३/
औंढ्याचे मंदिर स्वतःच एक दस्तऐवज आहे. खालचा भाग दगडी, कोरीव, यादवकालीन घडणीचा. मूर्तींच्या रांगा, हत्ती, नक्षीचे थर. वरचा भाग चुना आणि विटांचा, साधा, नंतरच्या जीर्णोद्धाराचा. दोहोंमधली सीमारेषा दुरूनही दिसते. गर्भगृह जमिनीखाली आहे आणि अरुंद पायऱ्यांनी, जवळजवळ सरपटत, खाली उतरावे लागते. प्रदक्षिणा घालताना भिंत वाचायची सवय लागली, तर पुस्तकाआधीच दोन कालखंड ओळखता येतात.

१४/
याच औंढ्याजवळ, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारो पट लहान बदल झाला तरी तो टिपला जाईल. चार किलोमीटर म्हणजे सव्वा कोस. ज्या भूमीवर माणसाने अंतर पायांनी मोजले, तिथेच आता अंतराचे सर्वांत सूक्ष्म माप घेतले जाणार आहे.

१५/
तिसरी वाट: कळमनुरी ते ईसापूर.
हे मातीचे धरण आहे: चार किलोमीटरहून थोडे अधिक लांब, सुमारे सत्तावन्न मीटर उंच. योगायोगाने याचीही लांबी सव्वा कोसच भरते. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे पाणी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शेतांना जाते. हिवाळ्यात जलाशयावर पाणपक्ष्यांचे थवे उतरतात आणि हा परिसर पक्षी अभयारण्यही आहे. सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही. आणि या वाटेवरचा सगळा इतिहास त्या पलीकडच्या काठाशी जोडलेला आहे.

१६/
पलीकडे विदर्भ. पैनगंगा ही सीमा कशी झाली? त्याचे उत्तर पहिल्या वाटेवरच्या हिंगोलीच्या छावणीकडे घेऊन जाते. त्या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा होता. पगार थकत गेला, कंपनीचे कर्ज वाढत गेले, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्यावर दिले गेले. पुढच्याच वर्षी हिंगोलीची छावणी मोडली. फौज गेली, पण तिच्या पगारापायी पडलेली रेघ नदीवर तशीच राहिली.

१७/
त्या रेघेच्या अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा रुपया. अलीकडे कचेरीची भाषा उर्दू, पलीकडे मराठी शाळा आणि इंग्रजी कायदा. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे कनेरगाव आजही 'कनेरगाव नाका' म्हणून ओळखले जाते आणि विदर्भ-मराठवाड्याच्या हद्दीवरच आहे. सोयरिकी मात्र दोन्ही तीरांवर होत राहिल्या. लग्नाचे वऱ्हाड नदी ओलांडताना एका राज्यातून दुसऱ्यात जात होते, आणि नवरीला त्याची कल्पनाही नसेल.

१८/
१९४७-४८ मध्ये हीच रेघ जीवनमरणाची झाली. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते आणि रझाकारांचा उपद्रव वाढला होता. कार्यकर्ते आणि घाबरलेली कुटुंबे पैनगंगा ओलांडून पलीकडे गेली. उमरखेडसारख्या गावी मुक्तिलढ्याची शिबिरे चालली. एका रात्रीची चाल पुरी झाली की माणूस स्वतंत्र भारतात पोचत असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला संस्थान शरण आले. दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला मराठवाड्यात ध्वजवंदन होते. नदीच्या ज्या उतारांवरून लोक पलीकडे गेले, त्यांची मात्र कुठेच नोंद ठेवलेली दिसत नाही.

१९/
आणि त्यांतले काही उतार आता ईसापूरच्या पाण्याखाली आहेत. धरण झाले तेव्हा गावे उठली, नवी वसाहत झाली, शेतीला पाणी मिळाले. या हिशेबात पायवाटांची रक्कम कुणी धरली नाही. जलाशयाचा देखावा पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: कळमनुरीच्या या बाजूचा सगळ्यांत सुंदर काठ चारेक दशकांचाच आहे. त्याच्या खाली नदीचा जुना काठ, त्यावरची शेते आणि माणसांच्या जाण्यायेण्याच्या खुणा आहेत.

२०/
मजल संपली कशी? रेल्वेने. १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली मार्ग सुरू झाला आणि तो वसमतवरून गेला. कळमनुरी वाटेवरून बाजूला पडली. आजही तिथे रेल्वे नाही. पाठीवर मिठाच्या व धान्याच्या गोण्या घेतलेले बैल हाकत देशभर फिरणारे बंजारा तांडे याआधीच धंद्याला मुकत चालले होते. त्यांतले अनेक याच पैनगंगेच्या दोन्ही बाजूंना स्थिरावले. पुसदजवळच्या गहुली येथील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या या वाटा तुडवल्या होत्या, हे तितकेसे सांगितले जात नाही.

२१/
चालणे मात्र संपलेले नाही. आषाढात नर्सीहून पंढरपूरला दिंडी निघते; शेगावची पालखीही या जिल्ह्यातून पायी जाते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन बाहेर पडतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी हंडा घेऊन निघालेली बाई दिवसाकाठी किती कोस चालते, याचा हिशेब कोणत्याही ताम्रपटात नाही. केवळ आनंदासाठी, देखावा पाहण्यासाठी चालणे ही या भूमीवरची फार नवी आणि फार थोड्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. ती उपभोगण्यात पाप नाही. पण आपण कोणाच्या वाटेवरून चाललो आहोत, हे ठाऊक असणे बरे.

२२/
मग इतिहासप्रेमीने करावे काय? एक साधन सहज हाताशी आहे आणि फारसे कुणी ते वापरत नाही: गाव नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. त्यात पायवाट एकेरी तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. गावोगावच्या पाणंदी आणि शिवरस्ते त्यात सापडतात. प्रत्यक्षात यांपैकी कित्येक वाटा नांगरल्या गेल्या आहेत, बांध सरकले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेतकरी बांधावरून वाटेचा हक्क मागतो, तेव्हा तहसीलदारापुढे हाच नकाशा उघडला जातो. वाटेचा पुरावा हा भावनेचा विषय नाही. कुणाच्या तरी शेतातला माल बाजारात पोचणार की बांधावर सडणार, हे त्यावर ठरते.

२३/
कार्तिक ते माघ हे महिने चालायला उत्तम. पाणी बरोबर घ्यावे, धरणाच्या सांडव्याजवळ जाऊ नये, उभ्या पिकातून पाय टाकू नये. सोबत गाव नकाशाची प्रत घ्यावी. वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला, "आजोबा, ही वाट कुठं जायची?" असे विचारावे, 'जाते' असे न म्हणता 'जायची' असे म्हणावे. उत्तरात ओढ्याचे नाव येईल, एखाद्या बुजलेल्या विहिरीचे येईल, बाजाराच्या वाराचे येईल, धरणात गेलेल्या गावाचे येईल. ते त्याच दिवशी, तारखेसह, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. नकाशावरच्या त्या तुटक रेषेला ते नाव शाईने जोडावे. एका दिवसाला एक रेषा पुरे.